जुन्या गाडीची आडकाठी

मी, खाली सही करणारी, गॅरेजमध्ये गाड्यांच्या सीटा शिवणारी बाई, थोरल्या मेकॅनिकची विधवा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी लिहून दिले नाही, तोंडीच सांगितले.

१. गॅरेजमागची राहती जागा मुलगा आणि सून या दोघांच्या नावे, समसमान. मुलाने यावर तोंड वाकडे करू नये. आजारपणात सुनेने माझ्याशी कडाकडा भांडत माझे सगळे केले आणि मुलाने गोड बोलत काहीच केले नाही. बँकेत औषधपाण्यातून उरेल ते सुनेचे.

२. जाड कापडाचे शिलाई मशीन, कात्र्या आणि दाभणही सुनेला. ती शिवत नाही हे मला ठाऊक आहे. विकले तरी चालेल, पण भावजींना फुकट देऊ नये.

३. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गॅरेजमधला नवऱ्याचा वाटा आजवर माझ्या नावे होता, तो मुलाला द्यावा. नवरा गेल्यावर भावजींनी आम्हाला उघड्यावर टाकले नाही. मुलाला हाताशी धरून काम शिकवले, आणि मुलगा त्यांच्यावर जीव टाकतो. हे मी नाकारत नाही. तरी इतकी वर्षे मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले, त्याचे कारण पुढे देते.

४. सासऱ्यांच्या वेळच्या जुन्या गाडीबाबत. तिचा पुढचा भाग काढून दोघा भावांनी तिथे सरळ अ‍ॅक्सल बसवला, म्हणजे या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाड नळी. वर कॉइलओव्हर, म्हणजे शॉकभोवती गुंडाळलेली स्प्रिंग. जुने स्प्रिंगचे पाटे वजनही पेलत आणि अ‍ॅक्सलही जागेवर धरत. कॉइलओव्हर फक्त वजन पेलतो. म्हणून अ‍ॅक्सल बाजूला सरकू नये यासाठी एक आडवी दांडी लागते, एक टोक चासीला, दुसरे अ‍ॅक्सलला. आमच्या गॅरेजात तिला आडकाठी म्हणतात.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढली त्या संध्याकाळी आडकाठीचा ब्रॅकेट भावजींनी नुसता टाके मारून ठेवला होता. वेल्डिंगमध्येही टाका असतो. तो तात्पुरता, पक्की शिवण त्यावर यायची असते. मी म्हटले, नुसता धावदोरा घातलेले कपडे घालून कोणी बाहेर पडत नाही. भावजी म्हणाले, "धरेल, वहिनी." नवरा स्टिअरिंगवर बसता बसता हसून म्हणाला, "घरात एक आडकाठी आहे, तेवढी पुरे."

पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर टाके सुटले. अ‍ॅक्सल बाजूला सरकला, स्टिअरिंग ऐकेना, गाडी भिंतीवर गेली. नवरा जागच्या जागी गेला. गाडी गॅरेजात ओढून आणली तेव्हा तुटलेला ब्रॅकेट मी डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात नव्हता.

लोक म्हणाले, पिऊन होता. माझा नवरा चहाखेरीज काही पीत नसे, हे भावजींइतके कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते मान खाली घालून गप्प बसले. मुलगा तेव्हा रांगत होता. बाप दारूने मेला असेच ऐकत तो मोठा झाला. एकदा मी खरे सांगायला गेले तर म्हणाला, आई, काकांवरचा राग आता तरी सोड. मला फार लागले ते. नंतर मी विषय काढला नाही.

आता काका-पुतण्यांनी तीच गाडी पुन्हा उभी केली आहे. नवा सरळ अ‍ॅक्सल, नवे कॉइलओव्हर. येत्या रविवारी मुलगा सुनेला शेजारी बसवून निघणार आहे. मला पलंगावरून उतरवत नाही. भिंतीपलीकडून ग्राइंडरचा आवाज येतो तेवढाच.

५. सदर गाडी मुलाला द्यावी, पण एका अटीवर. पहिली फेरी भावजींनी मारावी, एकट्याने, त्याच वळणावरून, नेहमीच्या वेगाने. त्यांनी नकार दिल्यास गाडी गॅसकटरने कापून भंगारात घालावी. गाडी कागदोपत्री माझी आहे, म्हणून ही अट मी मरायची वाट न पाहता आजपासून लागू.

६. वरची गाडीची अट तेवढी मी काल भावजींना मुलासमोर वाचून दाखवली. त्यांनी फडक्याला हात पुसले. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "वहिनी, रविवार राहू द्या. आडकाठीचा ब्रॅकेट उतरवून पुन्हा करतो."

मुलगा म्हणाला, "पुन्हा म्हणजे? पक्कं केलंय म्हणालात ना, काका?"

भावजी उठून गेले. साक्षीदार म्हणून सही करू का, असे त्यांनी आधी विचारले होते. मी नको म्हटले होते. सुनेने मुलाच्या खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मुलगा माझ्या पायाशी बसला आणि बाबा कसे गेले ते सांग म्हणाला. मी सगळे सांगितले. या वेळी त्याने मला मध्ये थांबवले नाही.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले आणि त्याखाली सही केली.

लिहून ठेवणार : (सही) गॅरेजची सीटवाली

आमच्यादेखत सही झाली :
(सही) समोरचे टायरवाले
(सही) इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टर

ठिकाण : गॅरेजमागची खोली
दिनांक : ७ नोव्हेंबर