आइंगासाठी घर भाड्याने देणे आहे

मी, फुआतिनो लेआवासा, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार पोरिरुआ, न्यूझीलंड, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळे शाबूत आहे. किल्ली कुठे ठेवली हे मी विसरले की माझा मुलगा इयाकोपो हल्ली डोळे मोठे करतो. पण किल्ल्या मी त्याच्या जन्माच्या आधीपासून विसरते, त्याचा या कागदाशी संबंध जोडू नये.

१. माझे राहते घर, भांडीकुंडी आणि आईने विणलेल्या बारीक चटया माझी मुलगी लुसिला हिला मिळाव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. बँकेतली शिल्लक आणि गाडी इयाकोपोची.

२. माझे दिवंगत पती तावीता यांची सुतारकामाची हत्यारे दान्ते मागबानुआ यांना द्यावीत. दान्ते हे माझ्या दुसऱ्या घरातले भाडेकरू. गळकी पन्हळ त्यांनी कोणी न सांगता दुरुस्त केली आणि दुरुस्त केली असे सांगायलाही आले नाहीत. इयाकोपोने वाईट वाटून घेऊ नये. त्याला खिळा दाखवला तरी तो कोणाला तरी फोन करतो.

३. आता कोफाई स्ट्रीटवरच्या त्या दुसऱ्या घराविषयी. इयाकोपो मला दर आठवड्याला सांगतो, "आई, विकून मोकळी हो. बाजार चढलाय, आणि मागबानुआ मंडळी स्वतःच्या घरात चाललीच आहेत." मुलगा वाईट नाही, घाईचा आहे. ते घर का घेतले हे त्याने कधी विचारले नाही, म्हणून इथे लिहिते.

आम्ही सामोआहून नवे नवे आलो तेव्हा भाड्याचे घर बघायला गेलो होतो. मालकीणबाई दारातच म्हणाली, "आम्हाला प्रोफेशनल लोक हवेत." मी म्हटले, "मी नर्स आहे." ती म्हणाली, "हो का, छान. पण आम्हाला प्रोफेशनल लोक हवेत." तावीता माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आले. तिथे म्हणाले, "एक दिवस दारात आपण उभे राहू." पुढे ते मोटारींच्या कारखान्यात आणि मी रुग्णालयात रात्रपाळ्या करून ते घर घेतले. त्याच्या भाड्यावर दोन्ही मुले शिकली. पहिले भाडेकरू मोजणी खात्यातले पोलार्ड साहेब, अगदी प्रोफेशनल. दारात मी उभी होते. मला फार बरे वाटले होते, ते लपवत नाही.

४. माझी धाकटी बहीण मालाएआ हिच्याशी माझे बोलणे का नाही, हे मुलांना अर्धवट माहीत आहे. पोलार्ड साहेब गेल्यावर एजंटाने इंग्रजीत जाहिरात लिहून दिली: नोकरदार किंवा कुटुंबासाठी घर भाड्याने देणे आहे. मी तावीतांना म्हटले, आपल्या भाषेत लिहून चर्चच्या फळ्यावरही लावा. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले आणि कुटुंबाला लिहिले 'आइंगा'. दुसरा शब्द आपल्याकडे आहेच कुठे? पण इंग्रजीतल्या कुटुंबात आईबाप, दोन मुले आणि फार तर एक मांजर बसते. आइंगात मावश्या, त्यांच्या नणंदा, नणंदांच्या सासरची माणसे, सगळे येतात.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ते सगळे आले. गाड्यांच्या टपांवर चटया बांधलेल्या, आणि पुढे मालाएआ, हातात नारळाच्या दुधात शिजवलेल्या तारोच्या कंदांचे पातेले घेऊन.

मी म्हटले, "अगं, हे काय?"

"काय म्हणजे? फळ्यावर लिहिलंय ना, आइंगासाठी घर. आम्ही आलो."

"भाड्याने, असंही लिहिलंय."

"ताई, आपल्या माणसांकडून कुणी भाडं घेतं का? तिथं भाऊजींचा हात चुकला असेल."

"हात चुकला खरा," तावीता माझ्या कानाशी पुटपुटले, "पण दुसऱ्याच शब्दावर."

आम्ही सगळ्यांना अंगणात जेवू घातले आणि चटयांसकट परत पाठवले. मालाएआ तेव्हा नवऱ्याबरोबर दिराच्या गॅरेजमध्ये राहत होती. जाताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ताईला भाडेकरू हवेत, माणसं नकोत!" त्या दिवसापासून चर्चमध्ये ती डावीकडे बसते आणि मी उजवीकडे.

माझे चुकले असे मी म्हणत नाही. आपल्या माणसांकडे भाडे मागता येत नाही, आणि भाड्याशिवाय ते घर बँकेने नेले असते. मग लुसिला शिक्षिका झाली नसती. हे मालाएआला तेव्हाही कळत होते. पण ते वाक्य मला लागले, आणि अजून लागते.

५. पाद्रीबाबांच्या पत्नीकडून कळले की मालाएआ ज्या खोल्यांत राहते त्या मालकाने विकायला काढल्या आहेत. तिचा नवरा आता नाही. तिने कोणाजवळ शब्द काढलेला नाही. माझ्याजवळ तर मेली तरी काढणार नाही. आमच्या आईचा हट्ट आम्हा दोघींना सारखा वाटून आला आहे.

म्हणून: मालाएआ जिवंत आहे तोवर कोफाई स्ट्रीटचे घर विकू नये. तिला तिथे आजन्म राहता यावे. त्यानंतर ते लुसिला आणि इयाकोपो यांचे निम्मे निम्मे.

फुकट दिले तर ती घेणार नाही, आणि भाड्याशिवाय कोणाला ठेवायचे नाही हा माझा नियमही मोडेल. तेव्हा रीतसर करार करावा. भाडे असे: दर रविवारी चर्चनंतरचे जेवण, तिच्या हातच्या तारोसह. लुसिला आणि इयाकोपो यांनी मुलाबाळांना घेऊन स्वतः जाऊन ते वसूल करावे. इयाकोपोने फोन करून सबबी सांगू नयेत, भाडे थकवल्याचा दोष त्याच्यावर येईल. तिच्याबरोबर आणखी कोण कोण चटया घेऊन येते ते मोजू नये. फळ्यावर तावीतांचीच ओळ लावावी, एकही शब्द न बदलता.

६. माझ्या अंत्यविधीला मालाएआला पहिल्या रांगेत बसवावे. उजवीकडे.

हे वाचून पाहिले, मला मान्य आहे, आणि खाली लिहिलेल्या दोन साक्षीदारांच्या माजी आणि आजी घरमालकिणीने त्यांच्यादेखत सही केली आहे. ज्याच्या नावे काही ठेवले आहे त्याने साक्षीदार व्हायचे नसते, असे वकिलांनी बजावले. दान्ते यांच्या घरातूनही म्हणूनच कोणाला बोलावले नाही. मालाएआ, तू हे ऐकशील तेव्हा पहिले हेच म्हणशील, की ताईने परक्यांना सहीला बोलावलं आणि मला नाही. अगं, म्हणूनच नाही बोलावलं.

सही: फुआतिनो लेआवासा

साक्षीदार:
ग्रॅम पोलार्ड, निवृत्त भूमापक, पूर्वीचे भाडेकरू
हेलन ट्रेगर्था, ग्रंथपाल, कोफाई स्ट्रीटच्या मागच्या खोलीतल्या सध्याच्या भाडेकरू

पोरिरुआ, ९ ऑगस्ट २०१९