इग्वानाच्या पोटावरचे टाके

प्रिय नूबिस,

हे पत्र मी दोनदा सुरू केलं आणि दोनदा फाडलं. फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा फोन येतो तेव्हा तुझी लेक केइदिस मला खेटून बसलेली असते, आणि तुझा आवाज कानावर पडला की मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं.

इथे सगळं आहे तसंच आहे. तळं आटलंय, शाळेचा पत्रा सकाळीच तापतो, पोरं 'सेन्यो, सेन्यो', बाई, बाई, करत दिवसभर अंगाला झोंबतात. दुपारी घरी आले की चपलाही न काढता खुर्चीत पडते. आपण दोघी त्याच शाळेत बाकाखाली चिंचा लपवून खायचो, आता मी तिथली बाई झालेय आणि माझ्यात चिंचेकडे बघायचंही त्राण उरत नाही. थकवा म्हणतात तो हाच असावा. आजार नाही, दुखणं नाही, फक्त सकाळी उठताना वाटतं की आज माझ्याऐवजी दुसरं कुणी तरी उठावं.

तुला इग्वानाची गोष्ट सांगते. अंड्यांचा हंगाम सुरू होण्याआधी छोट्यांच्या वर्गात इग्वाना, आपली रानातली ती घोरपडीसारखी, शिकवायची असं मी ठरवलं होतं. रस्त्यावरच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन बंद, म्हणून प्रत्येकासाठी मीच हाताने चित्र काढलं. पाठीवरचे काटे, गळ्याखालची लोंबती कातडी, लांबलचक शेपूट. पोरांना रंगवायला दिलं आणि सांगत गेले, इग्वाना पानं-फुलं खाते, तिचं रक्त आपोआप गरम राहत नाही म्हणून ती उन्हात बसते, कुणी शेपूट पकडली तर शेपूट सोडून पळते आणि तिला नवी फुटते. हिरवे खडू लगेच संपले. यूरलेइसने हिरव्यासाठी इवानच्या हाताला चावा घेतला. मग मी सांगितलं की मोठे नर हंगामात नारिंगी होतात, तेव्हा कुठे भांडण मिटलं. डोक्यावर तिसरा डोळा असतो, अगदी बारीक, त्याने तिला वरून येणाऱ्या घारीची सावली कळते, हे ऐकून सगळे एकमेकांची टाळू चाचपायला लागले. फार दिवसांनी मी हसले.

मग केइदिस कागद घेऊन आली. तिची इग्वाना सुबक हिरवी होती, पण पोटावर मधोमध लाल रेघ आणि त्या रेघेवर काळे आडवे टाके. मला म्हणाली, "सेन्यो, तुम्ही टाके काढायला विसरलात. मी काढले."

तुला माहीतच आहे कसं करतात. गाभण मादी पकडायची, पोट चिरून अंडी काढायची, जखमेत राख भरायची, शिवायचं आणि सोडून द्यायचं. जगते म्हणतात. अंडी उकडून, वाळवून, दोऱ्यात ओवून रस्त्यावर विकायची. तुझा आर्नोबियो वर्षभर मोटरसायकलवर सवाऱ्या मारतो, पण सवाऱ्यांवर काय भागतं! त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. आपणही लहानपणी त्या माळा गळ्यात घालून एकेक अंडं तोडून खाल्लंय. पण त्या पोरीला वाटत होतं की इग्वाना जन्मतःच शिवलेली असते.

मी तिला जवळ घेऊन सांगितलं की नाही गं, ती वाळूत खड्डा खणते, अंडी घालते, वर वाळू ओढते आणि निघून जाते. तिने विचारलं, "मग परत कधी येते?" पुस्तकातलं उत्तर मला माहीत होतं. पिल्लं आपली आपण बाहेर येतात, आई येत नाही. नूबिस, ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, चल, पाणी पिऊन ये.

त्या दिवसापासून ती कोंबडीच्या अंड्यालाही शिवेना. बापाच्या मांडीवर बसेना, म्हणायची तुझ्या हाताला राखेचा वास येतो. तिसऱ्याच दिवशी आर्नोबियो शाळेच्या दारात. "सेन्यो एल्विया, तुम्ही माझ्या मुलीला काय शिकवता? तिच्या ताटात काय वाढायचं ते आता तुम्ही ठरवणार?" आयुष्यात तो मला कधी 'तुम्ही' म्हणाला नव्हता. मी ते चित्र त्याच्या हातात दिलं. तो बघत राहिला. मग छोट्यांच्या त्या बुटक्या बाकावर बसला, गुडघे छातीशी येतात तसा, आणि हळूच म्हणाला, "जगत नाहीत गं त्या. सगळ्या नाही जगत. झाडाखाली सापडतात मला. मी घरी सांगत नाही."

यंदा तो इग्वाना पकडायला रानात गेला नाही. त्याच्या भावाने भरपूर टोमणे मारले, "काय रे, तुलाही रंगीत खडू दिले का सेन्योने?" त्याने ऐकून घेतलं. आता सवाऱ्या संपल्या की तळ्याच्या उरल्यासुरल्या पाण्यात जाळं टाकतो. त्याला घरी यायला संध्याकाळ होते, म्हणून शाळा सुटली की केइदिस माझ्याकडे असते. इथेच जेवते. भातावर सायीचं दही घातलं की बोटं चाटते, तळलेली केळी मात्र तिला कुरकुरीतच लागतात. केस विंचरताना रडत नाही. समोरचा दात हलतोय. बाप न्यायला येतो तेव्हा कधी मासा आणतो, कधी कॉफीला थांबतो. गेल्या आठवड्यात माझं गळकं छप्पर त्याने नव्या झावळ्यांनी शाकारून दिलं. पैसे विचारले तर रागावला.

सलग दोन वर्षं डिसेंबरात तू घरी आली नाहीस. बोगोतात ज्यांच्या घरी कामाला आहेस त्या मालकीणबाई सोडत नाहीत म्हणालीस, मी ते खरं धरलं. तुझी बहीण बाजारात भेटली, तेव्हा तुझ्या तिथल्या राहण्याबद्दल वेगळंच काही सांगायला लागली. मी तिला तिथेच थांबवलं. तुझ्याबद्दल मला काही ऐकायचं असेल तर ते तुझ्याकडून ऐकेन.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. सोमवारी केइदिसने मला 'आई' म्हटलं. चुकून नाही, पाणी मागायला, सहज. मी तिला चुकीचं आहे असं म्हटलं नाही, पाणी दिलं. आणि काल आर्नोबियोने मला विचारलं, माझ्याशी संसार करशील का. नीट, दारात उभं राहून, टोपी हातात घेऊन. मी म्हटलं, नूबिसला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तो म्हणाला, "विचार. माझ्या फोनला ती आता उत्तर देत नाही." माझ्या मनात काय आहे ते तुझ्यापासून काय लपवू, तू मला लहानपणापासून ओळखतेस. पण तू येणार असशील तर ये, मी दोघांनाही तुझ्या हाती देईन आणि कधी शब्द काढणार नाही. येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही. मला रागाचं किंवा माफीचं पत्र नको, फक्त हो किंवा नाही हवं. पोरगी रोज विचारते, तू परत कधी येणार, आणि तिला काय सांगायचं ते मला माहीत असायला हवं.

तुझीच, काहीही झालं तरी तुझीच,
एल्विया