सहाशे बारा ठिकाणचे ‘हं’

सायवन, सोमवार

झिपरूदादांना निर्मलाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी तेल चोळतात, की तुम्हीच पळून जाता?

परवा सकाळी मी कोंबड्या सोडल्या, नागली पाखडली आणि चुलीवर पाणी ठेवले, तेवढ्यात रविना लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली. वर्षश्राद्धाला तिच्या बाबांची धान्यदेवीची, आपल्या कणसरीची गोष्ट छापून वाटायची आहे. ह्यांच्या शेवटच्या दोन महिन्यांत तुम्ही दर रविवारी येत होता, गोष्ट हे सांगत, तुम्ही ‘हं’ म्हणत आणि मी टाइप करत असे (दुकानांच्या पाट्या वाचून अक्षर शिकलेल्या बाईला तेवढे जमले, हेच खूप). आपल्याकडे ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हटल्याशिवाय सांगणारा पुढे जात नाही. म्हणून प्रत्येक ‘हं’ला मी एंटर दाबत होते.

रविना म्हणाली, “आई, किती ओळी तोडल्यास गं! कागद फुकट जाईल.” मी पाणी बघायला आत गेले. तिने शोधून बदलायची एक चौकट उघडली, वरच्या खान्यात छपरासारखे चिन्ह आणि पी (म्हणजे माझा एंटर म्हणे), खालच्या खान्यात नुसती मोकळी जागा, आणि एक बटण दाबले. सहाशे बारा बदल झाले म्हणे. तिने सेव्ह करून झाकणही लावले (नीटनेटकी आहे, बापावर गेली नाही). आता चौतीस पानांची एकच ओळ झाली आहे. वाचायला घेतली तर असे निघते: कणसरी डोंगर चढू लागली झोपलास का दादा नाही रे सांग चढून चढून दमली. (तेही मी टाइप केले होते. सात वेळा आहे.)

रविना रडवेली झाली. मी तिला रागावले नाही. पण दादा, अशी छापली तर ती गोष्ट आहे, ह्यांची नाही. ह्यांचे थांबणे कुठेच राहिले नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
निर्मला

ता. क. दिवसकार्यानंतर तुम्ही इकडे फिरकला नाहीत. का, ते मी विचारत नाही. एकदा या. मी वाचेन, तुम्ही ‘हं’ म्हणा, मी एंटर दाबेन. जेवण करून ठेवते, पण वाचून झाल्यावरच वाढेन, नाहीतर आठवे ‘झोपलास का’ मला घालावे लागेल.

ता. क. २. हे काल लिहिले. आज तुमच्या जागी शेजारच्या काकड्याला बसवून पाहिले. तो शब्दाशब्दाला ‘हं’ म्हणतो आणि पुढे काय झाले तेही स्वतःच सांगतो. चार ओळींनंतर त्याला चहा देऊन घरी पाठवले. मग कोंबड्या शेजारणीकडे सोपवल्या, लॅपटॉप लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि तुमच्या उधव्याच्या एसटीत बसले. पत्र पोस्टात टाकलेले नाही, हातातच देईन.