सांगाडा माझ्याकडे, इंजिन दादाकडे

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस ना? पाकीट फोडण्याआधी वहिनीला हाक मारली असशील, की बघ, धाकट्याचं पत्र आलंय, आता हा काय मागतोय. मागत काही नाही, फक्त विचारतोय. अकरा वर्षांत मी तुला लिहिलं नाही आणि तू मला लिहिलं नाहीस. तेव्हा फिटंफाट झाली असं धर आणि पुढे वाच.

विषय गाडीचा आहे, म्हणजे माझ्या अर्ध्या गाडीचा. बाबांच्या लाल स्पोर्ट्‌स कारचा सांगाडा ज्या शेडमध्ये उभा आहे, ती जागा विकली गेली. नव्या मालकाने मार्चअखेर शेड रिकामी करायला सांगितलं आहे. माणूस सज्जन आहे, गोड बोलतो, पण तारीख काही हलवत नाही. परवा एक भंगारवाला येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेला. तिसरी मारायच्या आत मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आपण तेव्हा जे केलं ते कुणाला सांगितलं तर अजून हसतात. माझ्या ऑफिसातल्या जुन्या सोबत्याला मी सांगितलं, की बाबा गेल्यावर गाडीवरून आम्हा भावांत जुंपली, विकायलाही कुणी तयार नाही आणि सोडायलाही नाही. म्हणून थोरला इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून घेऊन गेला आणि चाकांसकट सांगाडा धाकट्याने ठेवला. त्याला चहाचा ठसकाच लागला. पण मला विचारशील तर मुळात चूक बाबांची. पदरी दोन मुलगे असताना दोन सीटची गाडी घ्यायची कशाला? एकाला चक्कर मारायला न्यायचं तर दुसरा दारात भोकाड पसरून उभा. बहुतेक वेळा तो मीच असायचो.

तर विचारायचं ते हे, की तुझ्या अर्ध्यात जीव आहे का? असला तर गाडी पुन्हा उभी करायचा विचार करता येईल. नसला तर भंगारवाल्याला निरोप धाडतो. माझं आयुष्य ड्रॉइंग बोर्डवर गेलं, लोखंडातलं तुला कळतं. तू म्हणशील तसं.

वहिनीस नमस्कार. राग असला तर असू दे, पण उत्तर धाड.

तुझा
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वहिनीला हाक मारायची वेळ आली नाही, पाकीट तिनेच फोडून ठेवलं होतं.

इंजिन चांगलं आहे. मागच्या खोलीत लाकडी चौकटीवर ठेवलंय. दर रविवारी प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडतो आणि पान्याने अर्धा फेरा फिरवतो. कुठे अडत नाही. तुझी वहिनी म्हणते, माझ्या दुखण्यात तरी एवढी काळजी घेतली असती तर बरं झालं असतं.

पण नुसत्या इंजिनाने काय होणार? इंजिन बिघडलं तर पुन्हा बांधता येतं, मी जन्मभर लेथवर तेच केलं. गाडी मरते ती सांगाड्याने. रंगाच्या आत गंज कुठवर गेलाय ते नुसतं बघून कळत नाही, आणि तुला तर त्या गाडीकडे बघितलं की बाबाच दिसणार. तेव्हा वर्णन नको, मापं पाठव. दोन्ही दारं लाव आणि चारी बाजूंच्या फटी मोज. दाराखालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची पुढून घे आणि मागून घे. सांगाडा खचला असला तर या फटी लगेच चुगली करतात. पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. जोर लावून टोच, गोंजारू नकोस.

मापं आली की सांगतो उभी करण्यासारखी आहे की नाही. तोवर रंग कुठला द्यायचा यावर घरात चर्चा नको.

माझा गुडघा दुखतो. बाकी ठीक.

दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याबद्दल तू पाच शब्दही नीट लिहिले नाहीस आणि पान्याबद्दल ओळी. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजत जा, दिवसातून तीनदा. माझ्या बायकोला याने गुण आला. ती म्हणाली, हे भावोजींना लिहाच, ते ऐकणार नाहीत तरी लिहा.

आता मापं. डाव्या दाराची पुढची फट चार मिलिमीटर, मागची चार, खालची पाच. उजव्या दाराची अगदी तशीच, चार, चार, पाच. दाराखालच्या पट्टीची उंची पुढे एकशे नव्वद, मागे एकशे नव्वद, दोन्ही बाजूंना. पायाखालच्या पत्र्यावर थोडा तांबूसपणा आहे. टोचून बघितलं, ठणठणीत वाटतो. एकूण आपली बाई वयाच्या मानाने टुणटुणीत आहे.

मी ऑक्टोबरमध्ये निवृत्त झालो. तुला कळवलं नव्हतं, कारण तेव्हा आपलं कळवाकळवीचं नातं नव्हतं. चार महिने खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवरचे कपडे कधी वाळतात ते बघत होतो. तुझं पत्र आल्यापासून मी घरात शीळ घालतो, असा बायकोचा आरोप आहे. शीळ बेसूर असते हाही तिचाच आरोप.

आणखी काही मोजायचं असेल तर संकोच न करता लिही. मोकळाच आहे.

तुझा
धाकटा


२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मापं वाचली आणि थक्क झालो. इतकी नीट राहिलेली जुनी गाडी माझ्या हाताखालून कधी गेली नाही. शेडच्या छपराचे पत्रे गळतात असं तूच पूर्वी सांगायचास. पाणी गाडीला वळसा घालून जात असावं.

आता दोन्ही कर्ण मोजून पाठव, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. काचेच्या चौकटीची उंची घे. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर घे. एका पत्रात सगळं कोंबू नकोस, सावकाश दोन-तीन पत्रांत पाठवलंस तरी चालेल.

व्यायाम चालू केला. पहिल्या दिवशी सात आकड्यांवर गाडी अडली, काल दहा झाले. तुझ्या बायकोला सांग, ऐकतो.

निवृत्तीचं कळवायचं होतंस. मला पहिले सहा महिने सकाळी उठून डबा शोधायची सवय जात नव्हती. तुझी वहिनी रिकामाच डबा हातात देऊन मला कोपऱ्यापर्यंत फिरायला धाडायची.

एवढी चांगली मापं आहेत म्हटल्यावर वेळ कशाला घालवायचा? २० मार्चला टेम्पो करून इंजिन घेऊन तुझ्याकडे येतो. बसवूनच टाकू.

दादा


७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टेम्पो रद्द कर. आधी हे वाच, मग काय बोलायचं ते बोल.

मी तुला थापा मारल्या. पट्टी घेऊन शेडमध्ये गेलो होतो, तेवढं खरं. डावं दार उघडायला गेलो तर ते माझ्या हातातच आलं. ते भिंतीला टेकवून आत बसलो, तर माझे बूट थेट शेडच्या फरशीला टेकले. पायाखालचा पत्रा कधीच गेलाय. दाराखालची पट्टी बोटाने दाबली तर बिस्किटासारखी तुटते. मोजायला फट उरलीच नाही, कारण फटीच्या एका बाजूला काहीतरी असावं लागतं.

घरी येऊन बाबांच्या कपाटातलं कारखान्याचं पुस्तक काढलं आणि त्यातल्या नकाशावरची मापं तुला उतरवून पाठवली. कर्णसुद्धा काढून ठेवले होते. चौदा मार्चला पाठवणार होतो.

असं का केलं ते सांगतो. तुझं उत्तर आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. खरी मापं पाठवली असती तर तू एका ओळीत लिहिलं असतंस, की भंगारात घाल. मग पुढचं पत्र मी कशावर लिहिणार होतो? आपल्या दोघांत त्या गाडीशिवाय काही उरलेलंच नाही, असं मी धरून चाललो होतो. ती संपली की तूही संपलास. मला गाडी नको होती रे दादा. मला तुझी पत्रं हवी होती.

गाडी उभी करण्यासारखी नाही. भंगारवाल्याला पंचवीस तारखेला बोलावतो. तुझं इंजिन चांगलं आहे, ते उगीच इथवर आणू नकोस. तू जे काही लिहिशील ते मला कबूल आहे, फक्त लिही.

तुझा
धाकटा


१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मूर्खा, मला पहिल्या मापांतच कळलं होतं.

चार, चार, पाच! दोन्ही दारं सारखी! अरे, ती गाडी कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा तशी नसणार. असल्या गाड्यांचे पत्रे हाताने ठोकून बसवायचे. आपलं डावं दार बाबांना खांद्याने ढकलून लावावं लागायचं, उजवं बोटाने लागायचं. हे तू विसरलास, कारण तू चुकून कधी आत बसलास तर आनंदाने डोळे मिटून बसायचास. जन्मभर नकाशे काढूनही तुला एवढं ठाऊक नाही, की कागदावरच्या मापाची वस्तू जगात कुणी बनवलेली नाही? तुझं पत्र वाचून मी इतका हसलो, की तुझी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

मग कर्ण कशाला मागितले म्हणशील. तू दोन-तीन पत्रं आणखी लिहावीस म्हणून मागितले. टेम्पो ठरवलाच नव्हता. तू केव्हा कबूल होतोस ते बघत होतो.

आता माझं ऐक. मी थोरला. पहिलं पत्र माझं यायला हवं होतं. दर रविवारी पाना लावताना ठरवायचो, की आज धाकट्याला लिहायचं. मग हात तेलकट आहेत म्हणून ठेवून द्यायचो. हात धुतल्यावर लाज वाटायची. अशी अकरा वर्षं घालवली. इंजिन मी त्यासाठीच फिरवत होतो. तू कधी विचारलंस तर चालू आहे असं सांगता यावं, एवढंच.

सांगाड्याचा निकाल तू दिलास तोच बरोबर. त्याला वाचवायचं म्हणजे जुन्या नंबरप्लेटमागे नवी गाडी बांधायची. ती बाबांची नसेल आणि आपलीही नसेल. जाऊ दे तिला. पण भंगारवाला मी आल्याशिवाय हात लावणार नाही असं बघ. मी वीसला सकाळच्या बसने येतो. इंजिन आणत नाही, नुसता मीच येतो. वहिनी यायची होती, पण तिची शिकवणीची मुलं परीक्षेला बसली आहेत.

दादा


२६ मार्च

ती. सौ. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

भावोजी सुखरूप आहेत, गुडघाही बरा आहे. दोघांचंही पत्र लिहायचं काम संपलं म्हणून ते माझ्यावर आलंय.

बसमधून उतरल्यावर दोघांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. भावोजी म्हणाले, की याचे केस कुठे गेले, आणि हे म्हणाले, की तुझी उंची कुठे गेली. मग दोघेही माझ्याकडे पाठ करून बराच वेळ बॅगेचा बंद नीट करत होते. मी रिक्षा थांबवून उभी होते, पण घाई केली नाही.

काल भंगारवाला गॅसकटर घेऊन आला. बिचारा शेडबाहेर बसून तीन चहा प्यायला, कारण आत हे दोघे पट्टी लावून गाडी मोजत होते. भावोजी गुडघा दुमडून खाली वाकून आकडा सांगायचे, आमचे हे वहीत लिहायचे. एकीकडे अंगठा जाईल एवढी फट, दुसरीकडे फटच नाही, आणि एका अर्ध्या मिलिमीटरवरून तर दोघांचं चांगलंच वाजलं. तासाभरात जी कापली जाणार तिची मापं घेऊन काय मिळणार, असं मी विचारलं. भावोजी म्हणाले, की आपल्या घरात चुकीचा आकडा राहता कामा नये. कटर लागला तेव्हा मात्र दोघे बाहेर येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. यांनी डोळे पुसले. भावोजींनीही पुसले आणि वर धुराला दोष दिला.

इंजिन मात्र सुरू करायचं ठरलंय. लोखंडी स्टँडचा नकाशा हे काढणार, तो जोडणार भावोजी, तुमच्याच मागच्या खोलीत. त्यासाठी आम्ही एप्रिलमध्ये तुमच्याकडे आठ दिवस येतो आहोत. तुम्हाला न विचारता ठरवलंय, रागावू नका.

एक मनातलं लिहिते. भांडण त्या दोघांचं होतं. मग आपण दोघींनी एकमेकींना एक ओळही का लिहिली नाही? मी दोनदा पत्र लिहून पाकिटावर तुमचा पत्ता घातला होता आणि यांना काय वाटेल म्हणून ठेवून दिलं. ते दोघे आपल्याला वेडे वाटत होते, पण त्यांच्याजवळ भांडायला निदान गाडी तरी होती. आपल्याजवळ तेही नव्हतं. या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं, जाऊबाई.

एप्रिलमध्ये त्यांना मागच्या खोलीत काय गोंगाट करायचा तो करू दे. आपण पुढच्या खोलीचं दार लावून बसू. मला तुमच्याशी अकरा वर्षांचं बोलायचं आहे आणि दिवस आठच आहेत, तेव्हा शिकवण्यांना सुट्टी द्या.

तुमचा लोभ माझ्यावर होता हे मला पक्कं ठाऊक आहे. तो अजून आहे का, ते बघायला येतेच आहे.

तुमची
धाकटी जाऊ