भाऊबीजेला बिनवासाचा कोट

बाबा, तुमच्या लेकाने यंदा भाऊबीजेला माझ्या घरी येताना ना मिठाई आणली, ना साडी. हरणीच्या मुताची बाटली आणली. हे तुम्हाला कोणीतरी सांगायलाच हवं, आणि आई असती तर तिने तोंडाला पदर लावून विषय बदलला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. तुमच्या अंगातल्या त्या शिकारीच्या बंडीचा वास मात्र अजून नाकातून गेलेला नाही.

धनजच्या घरात तुमची शिकार आधी चुलीपाशी सुरू व्हायची. तुम्ही सांगायचे, "हरणाचं नाक लय तेज. माणसाचा वास त्याले अर्ध्या कोसावरून येते." झालं, घरात कांदा बंद, लसूण बंद, फोडणी बंद. आई बिचारी नुसती उकडलेली डाळ मीठ घालून आमच्यापुढे ठेवायची आणि आम्ही तोंडं वाकडी करून गिळायचो. डोक्याला तेल लावायचं नाही. तुमची बंडी बकऱ्यांच्या गोठ्यात खुंटीला, बोकडाच्या अगदी डोक्यावर, आणि ती धुवायची कोणाची छाती नव्हती. तुम्ही ती अंगात घातली की घरात बोकडच शिरल्यासारखं वाटायचं. एकदा मी नवा परकर-पोलकं घालून, आत्याने वेणीत माळलेला मोगरा दाखवायला तुमच्याकडे पळत आले. तुम्ही भरमार बंदूक खांद्याला लावून दारात उभे. "दूर हो! वास लागन!" म्हणत कोपराने असं ढकललं की मी उंबऱ्यावर आपटले. लेकीचा वास तुम्हाला चालत नव्हता. संध्याकाळी निंबाला टांगलेल्या हरणाच्या रक्ताचा वास मात्र पार घरभर चालला. पुढच्या बाजाराला तुम्ही कारंज्याहून माझ्यासाठी चंदनाचा साबण आणला, आणि मी मूर्ख पोरगी तो उशाशी घेऊन झोपत होते. आता आठवलं की माझीच मला चीड येते. आधी पोरीला वासापायी लोटायचं आणि मग तिला वासाचंच खेळणं आणून द्यायचं!

तर तुमचा लेक. तुमच्या मागे त्याने कारंज्यात कृषी केंद्र टाकलं, दिवसभर फवारणीच्या औषधांत बसतो, त्याच्या शर्टाला कायम कीटकनाशकाचा वास. त्याचा दिवाळीत फोन आला. "ताई, तुया वावरात हरणं येऊन राह्यले म्हणते ना तू? मी येतो भाऊबीजेले. दोघं दोस्त हायेत संगं. सांजच्याले तुरीत बसतो." इथे मेडशीला आमचं वावर जंगलाला लागून आहे, हरभरा नुकताच उगवला की हरणांची रांग लागते, हे खरं. पण आता हरीण मारलं की सरळ जेल आहे बाबा, तुमच्या वेळेसारखं नाही, आणि वावर माझं म्हटल्यावर जंगल खात्याची गाडी पहिली माझ्या दारात लागणार. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "भाऊ तुया हाये, तूच पाह्य." आणि सकाळीच वाशिमला निघून गेले. नाही म्हणायचं माझ्या ओठावर होतं. पण आईही गेली, आता माहेर म्हणून मला उरलाय तो एकटाच, आणि त्याचा राग कसा आहे तुम्हाला ठाऊक आहे, तुमचाच आहे. एकदा तुटलं की तो परत फिरायचा नाही. म्हणून मी एवढंच म्हटलं, "पहिले भाऊबीज, मंग बाकीचं."

आला तो दुपार कलल्यावर. दोस्त जीपमध्येच बसून राहिले. आणि हा दारात उभा, झाडपाल्याच्या रंगाचा जाडजूड कोट घालून, हातात रबरी मोजे, हरणांच्या आधी मीच घाबरले. म्हटलं, "हे काय रे सोंग?" तर छाती फुगवून म्हणतो, "ताई, बाहेरदेशातला हाये. आतून कोळशाचा थर. मानसाचा वास आतल्या आत गिळून टाकते." कोट हवाबंद पिशवीत ठेवायचा, बिनवासाच्या साबणाने धुवायचा, वरून एक फवारा मारायचा, हे सगळं तो मला अशा कौतुकाने सांगत होता की बायको बाळंत झाल्याचं सांगतानाही इतकं तोंड उजळलं नव्हतं. मी पहाटेपासून खपून वांग्याची भाजी, वडे, करंज्या केलेल्या. "नको नको, फोडणीचा वास लागते," म्हणून तो ओट्यापासूनसुद्धा लांब सरकला. माझ्या हातच्या वांग्याच्या भाजीला नाक मुरडलं त्याने! लहानपणी ताट चाटून पुसायचा.

मग त्याने खिशातून ती बाटली काढली आणि कुठे ठेवावी? मी ओवाळणीचं ताट मांडलं होतं, निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, त्याच्या अगदी शेजारी ठेवली. "हे काय?" तर म्हणे, "हरनीचं मूत. बुटाले दोन थेंब लावले का नर आपोआप येते." बाप्पा, बाप्पा! मी ताट झटकन बाजूला ओढलं. मी म्हटलं, "अरे, ती तिकडची हरणी, कोन्या जंगलातली, तिच्या मुतावर आपल्या मेडशीचं हरीण काहून भाळन?" तो हसला. मला मात्र हसू येईना. बहिणीच्या घरची फोडणी नको, तेल नको, आणि कुठल्या तरी जनावराचं बाटलीत भरलेलं मूत पैसे मोजून, जपून, कापसाच्या बोळ्यात गुंडाळून! घाण ती घाण, आणि वर शौक म्हणायचं तिला. तुम्ही निदान आपल्याच बोकडाच्या गोठ्यातून निघायचे, इतकी लाज तरी होती.

"चाल, लवकर ओवाळ," तो म्हणाला, "वारा फिरायच्या आत बसा लागते. पन तेल नाई, अत्तर नाई. कुंकू बी नको, त्यालेही वास असते. दुरूनच ओवाळ." मी म्हटलं, "दुरून कायले? तू काय मेलेला हायेस का?" आणि ताट घेऊन पुढे झाले. तो हात आडवा करून ओरडला, "दूर हो ताई! वास लागन!"

त्याला काय माहीत, मी उंबऱ्यावर आपटले तेव्हा तो पाळण्यात होता. माझ्या मात्र कानशिलात गरम गरम झालं. मी शांतपणे म्हटलं, "बरं. पाटावर तर बसशीन?" आणि तो बसला. तिथेच चुकला. आपल्याकडे पाटावर बसलेला भाऊ ओवाळून होईपर्यंत उठत नाही, निरांजन समोर असताना उठला तर बहिणीच्या जिवाला लागतं म्हणतात, आणि तुमचा लेक कितीही बाहेरदेशातले कोट घालो, हे त्याच्या हाडात मुरलेलं आहे. मी कुंकू लावलं, बोट भरून. अक्षता लावल्या. वाटीतलं खोबरेल दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि त्याच्या डोक्यावर थापलं. "ताई, सोड! काय करून राह्यली?" तेल कानामागून ओघळलं, त्या कॉलरीत, त्या कोळशाच्या थरात. मग अत्तराची कुपी उघडली आणि हाताला लावायच्या निमित्ताने दोन्ही बाह्यांवर अख्खी रिकामी केली. तो शिव्या देत होता, पण निरांजन समोर होतं, उठत नव्हता. मी सावकाश ओवाळलं, औक्षवंत हो म्हटलं, मग ती बाटली चिमट्याने उचलून मोरीत ओतली आणि मोरीवर तीन बादल्या पाणी टाकलं.

उठल्यावर त्याने कोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून विसरले नाही. "मायी बहीण आज मेली," एवढंच म्हणाला. जीप गेली. कारंज्याहून त्यानंतर फोन नाही. मी दोनदा लावला, वहिनीने उचलला आणि म्हणाली, "ते बोलत नाही म्हनते." माहेर तुटलं बाबा. एका कोटापायी. आता संक्रांतीला मला कोण बोलावणार, हे मी भांडी घासताना स्वतःलाच विचारते आणि स्वतःवरच डाफरते.

आणि कोणी मला हरणांची माय म्हणू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा हरभरा या बांधापासून त्या धुऱ्यापर्यंत साफ केला, मी ढेकळं मारून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. तुम्हाला पोचणार नाही हे मला कळतं, पोचणारं असतं तर इतकं लांबवलं नसतं, दोन शिव्या लिहून मोकळी झाले असते.

एक राहिलं. तेल थापलं तेव्हा हाताला कळलं, टाळूवरचे केस पार विरळ झालेत त्याचे. माझं लग्न झाल्यापासून मी त्याच्या डोक्याला हात लावला नव्हता. कोटाची वाट पहिल्याच ओघळात लागली होती बाबा, तेवढ्यावर थांबता आलं असतं. तो सोड सोड म्हणत होता, आणि माझा राग केव्हाच उतरला होता, तरी मी चोळतच राहिले.