कौसाच्या बाळाची नोंद

७ जानेवारी, मंगळवार
पैठणची पहिली एसटी चुकली. दुसरीनं गेले, फाट्यावरून वस्तीपर्यंत चालत. बालमृत्यूंच्या पाहणीत लागून सहा महिने झाले, तरी कुणाच्या दारात उभं राहून 'बाळ कसं गेलं' विचारायला अजून जीभ रेटत नाही.
आजच्या घरी खरं तर काम नव्हतं. उपकेंद्रातल्या शिंदे सिस्टरच्या रजिस्टरात तिथं 'उपजत मृत' लिहिलंय. आमच्याकडं फक्त जिवंत जन्मून महिन्याच्या आत गेलेली बाळं येतात. तहान लागली म्हणून थांबले. सून कौसा, विशीची असेल, लोकर निवडत बसलेली. सासू पाणी आणायला आत वळली तशी ती हळूच म्हणाली, "बाई, माझं रडलं व्हतं."
मी काही विचारलंही नव्हतं.

८ जानेवारी, बुधवार
परत गेले. सासू गयाबाई रानात. कौसानं सगळं सांगितलं. दिवस भरायच्या आधीच कळा. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. सिस्टरकडं निरोप धाडला, पण त्या दुसऱ्या गावाला लसीकरणात. बाळ घरातच झालं. मुलगी.
"लई नाय रडली. मांजरीच्या पिलावानी. आत्याबाईनं लगीच आंघुळ घातली. थंडी किती व्हती त्या दिशी. मग अंग गार पडत गेलं. दूध वढंना. दिस बुडायला गेली."
सिस्टर दुसऱ्या दिवशी आल्या, बाळ पुरायच्या आधी. गयाबाईनं 'मेलेलंच जन्मलं' सांगितलं, त्यांनी तसं लिहिलं. नवऱ्यालाही तेच सांगितलंय.
"माझं नाव येईल का कागदावर?"
"नाही. नुसता नंबर."
"मग ल्ह्या."
फॉर्म भरला. 'जन्मल्यावर रडले का' पुढं होय. बसमध्ये फॉर्म परत एकदा वाचला. सकाळपासून चहासुद्धा नव्हता.

११ जानेवारी, शनिवार
सिस्टरना भेटले. फॉर्म आमच्या सरांकडं जायच्या आधी त्यांना कळावं म्हणून. त्यांनी फॉर्म वाचला. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."
कसं?
"बाळाला झबलं घातलेलं होतं, काजळ लावलेलं. मेलेल्या बाळाला काजळ कोण लावतं?"
मी चिडले, जरा जास्तच. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, जिवंत लिहिलं की चौकशी लागते: तू कुठं होतीस, मुख्यालयी का नव्हतीस. सात गावं, पायी. मागच्या वर्षी एका सिस्टरला दूर आदिवासी भागात टाकलं. "माझी दोन पोरं शाळेत आहेत हो."
त्यांनीच चहा केला. मी प्यायले.

१६ जानेवारी, गुरुवार
सरांना सांगितलं. सर ही पाहणी करणाऱ्या आमच्या विभागाचे प्रमुख, सहसा आवाज न चढवणारे. फॉर्म दोनदा वाचला. म्हणाले, "असं एकच असेल असं वाटत नाही. गार पडून गेलेलं बाळ आपण मोजलंच नाही, तर ते गार पडू नये म्हणून कुणी काही करणारच नाही." पाहणीतल्या सगळ्या सिस्टरांची 'उपजत मृत'वाली घरं परत करायची. प्रवासभत्ता मिळेल की नाही ते विचारायचं राहिलं.

२२ जानेवारी, बुधवार
आठवडाभर तेच. काही घरी खरंच मेलेली जन्मलेली. काही घरी नाही. एका घरी आजीनंच हात धरला, "व्हय, हुंदका दिला व्हता पोरानं. मग कशाला आलात आता?"
 एका ठिकाणी बाहेर हाकललं, बरोबरच केलं.
आज घरी लवकर. धुणं तसंच पडलंय.

२९ जानेवारी, बुधवार
सरांनी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात अहवाल मांडला. मागणी साधी: लगेच आंघोळ नको, बाळ आईच्या छातीशी गुंडाळून ठेवा हे दाईला आणि सासूला घरोघर शिकवायचं, सिस्टरला तीनच गावं, वजनकाटा. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "खोट्या नोंदी कुणी केल्या? नावं द्या, मग बाकीचं बघू."
सर म्हणाले, घरांची नावं देणार नाही, तसा शब्द दिलाय. सिस्टरांच्या नावांचं काय? साहेब म्हणाले, सरकारी रजिस्टर आहे, ती नावं मी कधीही काढीन.
पुढच्या बुधवारी परत बोलावलंय.
नावं दिली तर उद्यापासून प्रत्येक सिस्टर आणखी जपून 'उपजत' लिहील. नाही दिली तर अहवाल कपाटात. जिन्यात सरांना हे म्हटलं. "तेच," एवढंच म्हणाले.

१ फेब्रुवारी, शनिवार
कौसाकडं गेले, कामाविना. नवरा आलाय. तिनं त्याला खरं सांगून टाकलं. तो गयाबाईशी दोन दिवस बोलला नाही. काल त्यानंच आईला जेवायला वाढलं म्हणे. गयाबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमच्यात समद्यांना अशीच घातली आंघुळ. माझ्या ह्या पोरालाबी. मला कुनी सांगितलं व्हतं का?"
नाही सांगितलं. मी तसं म्हटलं. मग कसं गुंडाळायचं ते पदर घेऊन दाखवलं. बघत होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार
शिंदे सिस्टर आपणहून हर्सूलला माझ्या घरी आल्या, रजिस्टर पिशवीत. साहेबांनी नावं मागितल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाल्या, "माझं नाव मीच देते. पण नुसतं नाव नाही." दोघींनी बसून अर्ज लिहिला. कौसाच्या बाळंतपणाच्या दिवशी त्या कुठं होत्या, किती चालल्या, निरोप कधी पोचला, 'उपजत' का लिहिलं, सगळं; घराचं नाव तेवढं वगळून. 'चूक झाली' हे शब्द त्यांनी स्वतः घातले. मी 'नाइलाजानं' सुचवलं. नको म्हणाल्या.
खाली दस्तखत केलं. 
नवऱ्याला सांगितलंय का विचारलं. "सांगते घरी जाऊन."

५ फेब्रुवारी, बुधवार
सर, सिस्टर, मी. अर्धा तास बाकड्यावर. सिस्टर रजिस्टर मांडीवर धरून.
साहेबांनी अर्ज वाचला. परत पहिल्या पानावर गेले, परत वाचला. सिस्टरना विचारलं, "हे तुम्हाला कुणी लिहायला लावलं?"
"कुणी नाही, साहेब."
"बाकीच्यासुद्धा असं लिहून देतील?"
"आधी माझं काय होतंय ते बघतील."
साहेबांनी चष्मा काढला. शिपायाला दार लावायला सांगितलं. मग म्हणाले, "बसा." आम्ही तिघं बसलो.

सिस्टरचं काय आणि मागण्यांचं काय, ते अजून लिहिण्याइतकं पक्कं ठरलेलं नाही. दोन तास बोलणं झालं. निघताना सिस्टरना रजिस्टर तिथंच ठेवायला सांगितलं आणि वस्तीवर उद्या कामावर जायलाही सांगितलं. नोंदी कशात करू, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, सध्या कोऱ्या वहीत करा, घडेल तशाच.