कॉफीला तोंड लावायचं नाही

रविवार, १३ जानेवारी. दुपार.
वाचनालयात पुस्तकं पुसून लावणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि विदाद. आता एकीलाच ठेवणार. यादी गुरुवारी. मी घाबरलेली नाही. अक्षर हलतंय ते थंडीने. आमच्या डोंगरावरच्या करक गावची थंडीच तशी.
नवरा गेल्यावर, खलफ गेल्यावर, तिथेच पुस्तकांच्या पाठीवरची नावं जुळवत मी वाचायला शिकले. नोकरी गेली तर घरात वाचण्याजोगं साबणाचं खोकं तेवढं.
निश्चय: वशिला लावायचा नाही.

सोमवार, १४.
हा वशिला नव्हे. मंत्रालयातल्या अबू राकानला तान्हा असताना माझ्या आईने आठ दिवस अंगावर पाजलं होतं. म्हणजे दूधभाऊ. बहीण भावाकडे जाते, त्यात काय?
विदादच्या आईनेही पाजलं होतं म्हणे. काय भुकेलं पोर असेल.

मंगळवार, १५.
नणंद फिद्दा येऊन बजावून गेली. "वहिनी, कॉफी आली की कप समोर ठेवून द्यायचा. 'पी, तुझं काम झालं' असं तो म्हणेपर्यंत तोंड लावायचं नाही. आधी प्यायलीस की मागणं संपलं."
म्हटलं, मला काय शिकवतेस, खलफने सात सोयरिकी जुळवल्या अशाच. तर म्हणते, "त्याने जुळवल्या. तू आत भात ढवळत होतीस."

बुधवार, १६. संध्याकाळी सहा.
जाऊन आले. अबू राकानचा थोरला लेक कॉफी घेऊन पुढे आला. घशाला कोरड पडली होती. प्याले. केव्हा प्याले कळलंच नाही. तो पुन्हा ओतणार, तर माझा हात थरथरत होता. कप हलवला म्हणजे पुरे, असं समजून त्याने कप काढूनच नेला. आता समोर ठेवायला कपच नाही.
अबू राकान म्हणाला, "बोल ताई, काय काम काढलंस?"
म्हटलं, छे, काम कसलं. तुझी तब्येत बघायला आले.
फार खूश झाला. किती दिवसांनी कुणी बिनकामाचं आलं म्हणाला. खजूर बांधून दिले.
मोठ्या माणसांना तोंडाने सांगावं लागत नाही. त्याला समजलंय. उगाच कुणी खजूर देतं का?

गुरुवार, १७.
विदाद राहिली.
वाचनालयाच्या मुख्य इतिदाल मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "रसमिय्या, मी तुझंच नाव लिहिलं होतं. पुसलेली पुस्तकं वाचतेस तू एकटीच. पण सकाळी अबू राकानसाहेबांचा फोन, माझ्या दूधबहिणीला ठेवा. विचारलं, कोणती, दोघी आहेत. म्हणाले, काल आली तिचं काही काम नव्हतं. परवा आली तिची कॉफी समोर गार झाली. ती."
फिद्दाला अजून सांगितलं नाही. खलफच्या फोटोला सांगितलं.
खजूर तसेच आहेत. खोकं दोन्ही बाजूंनी वाचून झालं.
हीटर लावलाय. अक्षर हलतंयच.